उमाक्कांची समजूत

मौन पाळणाऱ्या बाईनं एवढं लांबलचक लिहावं हे शोभत नाही. पण या प्रकरणाच्या सात-आठ निरनिराळ्या हकिकती अणदुरात फिरताहेत आणि त्यातल्या एकीत तर माझं दुसरं लग्न झालेलं आहे. तेव्हा खरं काय ते एकदा कागदावर यावं, म्हणून बसले.

रोज पहाटे अंघोळ, विभूती, इष्टलिंगाची पूजा, आणि पूजा होईपर्यंत पाण्याचा थेंब नाही, हा माझा नेम. यात सांगण्यासारखं काही नाही, आम्हा लिंगायतांत बऱ्याच बायका करतात. सोमवारी मात्र उठल्यापासून संध्याकाळच्या आरतीपर्यंत मौन. बारा वर्षांचा संकल्प होता आणि यंदाच्या श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी तो पुरा व्हायचा होता. माझा आवाज मुळात बारीक. सोमवार कुठला नि मंगळवार कुठला हे पुष्कळांना कळत नाही, असं माझ्या धाकट्या जाऊबाई प्रेमाबाई म्हणतात. म्हणतात म्हणजे माझ्यामागं म्हणत होत्या. ते कसं कळलं ते पुढं येईल.

तर आषाढातल्या एका सोमवारी आमचे हे, सिद्रामप्पा, खत-बियाण्याच्या दुकानातून जेवायला आले. ताटावर बसले आणि भाकरी मोडता मोडता म्हणाले, "तुझं मौन आज लई बोललं."

मी भुवया वर केल्या. सोमवारी माझं सगळं संभाषण भुवयांवर चालतं.

"सकाळपासनं त्रेचाळीस मेसेज. मोजलेत मी दुकानात बसून."

जेवणं झाल्यावर मी फोन उघडून पाहिला. त्रेचाळीसच होते. बेंबळीच्या मामेबहिणीच्या नातवाला दात आला, त्याला 'छान'. कुणी गुळाचा चहा केला, त्याला 'छान'. येरमाळ्याला कुणीतरी रसवंती उघडली, तिला हात जोडलेले. ते कोण, हे मला आजही माहीत नाही. सुनेच्या, प्रतीक्षाच्या पुण्यातल्या शेजारणीच्या मांजराला 'सुखी राहा' असा आशीर्वादही दिला होता. आणि हे सगळं तोंडात शिवनाम, कपाळावर भस्म असताना.

मला जेवण गोड लागेना, म्हणजे नंतरचं, रात्रीचं.

दुसऱ्या दिवशी आमच्या जंगमांकडं, म्हणजे गुरूंकडं गेले. त्यांना सगळं गाव अय्या म्हणतं. शरणार्थ म्हणून नमस्कार केला आणि विचारलं, "अय्या, मेसेज लिहिणं म्हणजे बोलणं का?"

अय्यांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "व्हॉट्सअॅप कधीपासून आहे तुमच्याकडं?"

"सात वर्षं झाली."

"म्हंजे बारातली सात शंकास्पद." त्यांनी पुन्हा डोळे मिटले. "असं करा. देव दयाळू आहे. यंदा श्रावणात पाच सोमवार येतात. ते पाच निखळ पाळा. जीभ न्हाय, बोट न्हाय, पेन्सिल न्हाय. मागचं सगळं पदरात पडलं असं समजू. पण या पाचातला एक जरी चुकला, तर मग बारा वर्षं पहिल्यापासून."

मी एकसष्ट वर्षांची आहे. हिशोब करायला कागद लागला नाही. त्र्याहत्तराव्या वर्षी उद्यापन, आणि तोवर कोण असतं कोण नाही.

नुसतं सोमवारी फोन बाजूला ठेवायचा, हे मी करून पाहिलं. आषाढातला शेवटचा सोमवार सरावासाठी घेतला. फोन डाळीच्या डब्यात ठेवला. अकरा वाजता पाहते तर डाळ ताटात, फोन हातात, आणि मी नळदुर्गच्या कुणाच्या तरी वास्तुशांतीला हात जोडलेले. माझ्या अंगठ्यानं मला न विचारता हे केलं होतं. तेव्हा ठरवलं की मुळावरच घाव घालायचा. सगळे ग्रुप सोडायचे.

यांनी सल्ला दिला, "आधी सांगून सोड. लोकांना राग येईल."

मी निवेदन लिहायला घेतलं. 'सर्व आप्तेष्टांना शरणार्थ' पासून सुरू केलं, पण त्यात बारा वर्षांचा उल्लेख आला की मिरवल्यासारखं वाटे आणि न आला की कारणच कळेना. शेवटी मनात आलं, त्याग करणारं माणूस पत्रक काढून करत नाही. निवेदन पुसलं आणि श्रावण लागण्याआधीच्या रविवारी दिवेलागणीपूर्वी सत्तावीस ग्रुप सोडले. प्रत्येक वेळी फोन विचारायचा, नक्की बाहेर पडायचं का. देवानंसुद्धा माझी इतकी परीक्षा घेतली नसेल.

आता ग्रुप सोडला की फक्त अॅडमिनला कळतं, बाकीच्यांना कळत नाही, असं म्हणतात. पण आमच्या सासरच्या ग्रुपात एकवीस माणसं आहेत आणि त्यातले अठरा अॅडमिन आहेत. एकाला केलं आणि दुसऱ्याला नाही केलं तर मानापमान होतो. उरलेली तिघं लहान मुलं आहेत.

पहिला सोमवार. सकाळचे सात. मी पूजेवरून उठते न उठते तोच प्रेमाबाई दारात. हातात नारळ आणि खण. आमच्याकडं रुसलेल्या माणसाच्या दारी रिकाम्या हातानं जात नाहीत. मला वाटलं, घरी काही कार्य निघालं.

"अक्का," त्या पाटावर बसत म्हणाल्या, "मला माहीतच होतं हे एक दिवस होणार."

मी भुवया वर केल्या.

"असं बघू नका. मान्य करते. प्रतीक्षाच्या डोहाळजेवणाला शेंगापोळ्या मीच केल्या, असं मी सांगितलं सगळ्यांना. सोलापूरच्या विहीणबाईंनी तोंड भरून कौतुक केलं, मग मला खोडून काढता येईना."

त्या अडीचशे शेंगापोळ्या मी दोन दिवस लाटल्या होत्या. पण राग वगैरे काही नव्हता, कारण मला हे माहीतच नव्हतं. म्हणून मी हात हलवून 'तसं नाही हो' अशी खूण केली.

प्रेमाबाईंचा चेहरा उतरला. "म्हंजे तेवढ्यावर न्हाय? बरं. तुमचं तांब्याचं घंगाळ पण सांगते. ते हरवलं नव्हतं. माझ्या माळ्यावर आहे."

मी कपाळाला हात लावला. विभूती बोटांना आली.

"आणि तुमची भक्ती फोटोपुरती आहे, असं बोलले होते मी एकदा. आवाजावरून पण बोलले होते. कुणी सांगितलं तुम्हाला? अयोध्याबाईनं सांगितलं ना?"

मी पदर तोंडाला लावला, कारण जीभ टाळ्याला जाऊन भिडली होती. बारा वर्षं डोळ्यांसमोरून गेली. शब्द गिळला. प्रेमाबाईंना वाटलं मी रडते. त्या माझ्या पाया पडल्या, नारळ ठेवला आणि डोळे पुसत गेल्या. माणसाच्या मनात काही नसताना कुणी येऊन माफी मागितली, की मनात जे नव्हतं ते नीट रुजून बसतं, हे मला त्या दिवशी कळलं. दुपारपर्यंत मी प्रेमाबाईंवर खरोखरच रागावले होते.

मंगळवारी उजाडताच मी त्यांच्या घरी गेले आणि जीभ मोकळी करून सांगितलं, "मी रागावलेली नाही. फक्त व्हॉट्सअॅप सोडलंय."

"व्हय, व्हय," त्या म्हणाल्या, आणि यजमानांकडं वळून हळूच म्हणाल्या, "बघा, आवाज किती बारीक झालाय रागानं."

बरं, बाईमाणूस 'मी रागावले नाही' असं सांगायला घरी चालून आलं, की ते रागावलेलंच आहे, असा आपल्या समाजात पक्का समज आहे. त्यावर इलाज नाही. घंगाळ मात्र घेऊन आले.

दुसऱ्या सोमवारी शेजारच्या अयोध्याबाई. त्यांच्या हातात नारळ आणि टोपलीभर बेलाची पानं. "उमाक्का, प्रेमाबाईला माफ केलंत, मग मला बी करा," त्या म्हणाल्या. "तुमच्या बेलाचा शेंडा आमची शेळी खाते म्हणून तुम्ही दोन वर्षं तिला बोल लावता. शेळी न्हाय खात. मी तोडते. तुळजापूरला माझी बहीण आहे ना, तिचा लाख बेलाचा संकल्प चाललाय."

दोन वर्षं मी त्या शेळीला, देव क्षमा करो, फार वाईट बोलले होते. मौन होतं म्हणून अयोध्याबाईंना काही बोलता आलं नाही, पण मी उठले, कुंपणाशी गेले आणि शेळीपुढं हात जोडले. हे अयोध्याबाईंनी पाहिलं. गावभर झालं, की उमाक्का माणसांशी बोलत नाहीत, शेळीला मात्र नमस्कार करतात.

मग पाण्याचं. आमच्या गल्लीत नळाला सहा दिवसांनी पाणी येतं, आणि ते कधी येणार हे ग्रामपंचायतीचा बलभीम ग्रुपवर टाकतो. तो ग्रुपही मी सोडलेला. पाणी आलं, गेलं, माझे हंडे कोरडे. बुधवारी बलभीमला वाटेत गाठून मी फक्त एवढंच विचारलं, "बलभीम, आमचं पाणी?"

बलभीम जागच्या जागी थांबला. टोपी काढली. "मावशी, तुम्हाला कळलं म्हंजे. खरं सांगतो, तुमच्या गल्लीचा व्हॉल्व्ह म्या धा मिनिटं आधी बंद करतो. तिथनं च्याच्या हॉटेलावर जायला बरं पडतं म्हणून. आता न्हाय करणार. पंचायतीत न्हेऊ नका."

तेव्हापासून बलभीम पाणी सोडलं की आधी आमच्या दारात येऊन ओरडतो, "मावशी, पाणी." तो ओरडला की गल्ली हंडे घेऊन बाहेर पडते. कुणी ग्रुप बघेनासं झालं. हा या प्रकरणातला एकच निव्वळ फायदा.

तोटा बचत गटात झाला. मी गटाची सचिव. संस्थेच्या करिश्मा मॅडम मंगळवारी हातात टॅब घेऊन आल्या. भली पोरगी आहे, पण टॅबपुढं तिचं काही चालत नाही.

"काकू, ग्रुप सोडल्याचं कारण भरावं लागतं. चार पर्याय आहेत. मृत्यू, स्थलांतर, विवाह, मतभेद."

"व्रत लिही बाळ."

"व्रत नाही त्यात. 'इतर' आहे, पण ते दाबलं की पुढचं पान उघडत नाही."

आम्ही दोघी विचार करत बसलो. मृत्यू टाकला तर मला हयातीचा दाखला आणावा लागणार. स्थलांतर टाकलं तर रेशनकार्डाची भानगड. मतभेद टाकला तर गटाची चौकशी लागते.

"विवाह टाकते," करिश्मा म्हणाली. "यात कुणाचं नुकसान नाही."

संध्याकाळी संस्थेच्या ग्रुपवर आपोआप अभिनंदन पडलं. 'सौ. उमादेवी यांना वैवाहिक जीवनाच्या हार्दिक शुभेच्छा.' खाली गुलाबाची फुलं. दुकानात यांना तीन गिऱ्हाईकांनी नमस्कार करून विचारलं, मालक, खरं का. हे घरी येऊन म्हणाले, "एवढंच सांग. माझ्याशीच ना?"

तिसऱ्या सोमवारपर्यंत अकरा नारळ आणि सहा खण जमले. येणारा प्रत्येक जण बसायचा, माझं मौन बघायचा, घाम पुसायचा आणि मला कधीच कळलं नसतं असं काहीतरी सांगून जायचा. माझी दिवाळीची चकली कडक असते, हे मी तिघांकडून ऐकलं. माझ्या लग्नात वऱ्हाडानं भात पुरला नाही म्हणून नावं ठेवली होती, हे अडतीस वर्षांनी समजलं. मी सात वर्षं या सगळ्यांना हात जोडत होते, छान म्हणत होते. एखादीला वाटलं असतं, फोन सोडला म्हणजे शांती मिळाली. मला तर फोनवर जे कुणी कधी बोललं नव्हतं ते सगळं घरपोच मिळू लागलं.

मग यांच्याकडून कळलं की एक नवीन ग्रुप निघालाय. नाव 'उमाक्कांची समजूत'. चौसष्ट माणसं. गावातलं ओळखीचं माणूस मी सोडून बहुतेक सगळं त्यात होतं.

"दाखवा की," मी मंगळवारी म्हटलं.

"तुझ्याबद्दल हाय. तुला कसं दाखवणार? विश्वासाचा प्रश्न आहे," हे म्हणाले आणि फोन खिशात घातला.

चौथ्या सोमवारी हे अंघोळीला गेले आणि फोन देवघराबाहेरच्या कोनाड्यात उघडाच राहिला. मी कडेनं जात होते. वाचणं म्हणजे बोलणं नव्हे, हे अय्यांना न विचारताही मला पटलं. तरी अंगठ्याचा भरवसा नव्हता म्हणून दोन्ही हात पाठीमागं बांधले आणि वाकून बघितलं.

ग्रुपवर मतदान लावलेलं होतं. 'उमाक्का नेमक्या कुणावर रागावल्यात?' खाली नावं. प्रेमाबाई, एकोणीस मतं. बलभीम, चौदा. अयोध्याबाई, अकरा. शेळीलाही दोन होती. आणि सगळ्यात शेवटी सिद्रामप्पा, एक मत. ते कुणाचं हे दिसत होतं, शेजारी बारीक गोलात फोटो होता. सिद्रामप्पांचाच.

तेवढ्यात फोनचा पडदा मंद होऊन विझायला आला. मी काय केलं ते लिहायला नको, पण लपवायलाही नको. कोपर लावलं. कोपराला बोट म्हणत नाहीत.

फोटो तोच होता. नवऱ्यानं स्वतःला मत दिलं होतं.

मंगळवारी विचारलं, "तुम्ही काय केलंय असं?"

"कुठं काय," हे म्हणाले आणि युरियाची गाडी आली म्हणून दुकानाला गेले. बुधवारी विचारलं तर सोयाबीनवर बोलले. आठवडाभर मी भिंतीकडं बघून विचार केला. अडतीस वर्षांत या माणसानं मला न सांगता एक नवी चप्पलही घेतलेली नाही. माळ्यावर घंगाळ असेल असं वाटेना. मग काय असेल?

शेवटचा सोमवार उजाडला. संध्याकाळी उद्यापन, अय्या येणार, आरतीनंतर जेवणं. निमंत्रण यांनीच त्या समजुतीच्या ग्रुपवर टाकलं होतं, त्यामुळं माणसं किती येतील याची काळजी नव्हती. सकाळी पूजेला बसले तर हे अंगणातून फुलं घेऊन आले. रोज आणतात. परडी माझ्यापुढं ठेवली. एरवी ठेवून जातात. त्या दिवशी उंबऱ्यावर बसले.

"आज सांगतो," हे म्हणाले. "आज तुला बोलता येत न्हाय, म्हणून सांगाय बरं पडतंय."

मी लिंगावर पाणी घालत होते. हात थांबला.

"मी रोज सकाळी घरच्या ग्रुपवर एक फोटो टाकतो. तुझ्या पूजेला तोडलेल्या फुलाचा. जास्वंद, कण्हेर, जे असंल ते. तीन वर्षं झाली. पुण्याच्या मांजराला तू आशीर्वाद दिलास. येरमाळ्याच्या रसवंतीला हात जोडलेस. माझ्या फुलाला एकदा बी काही न्हाय." यांनी परडीतली एक पाकळी उचलून खाली ठेवली. "म्हणून मोजले त्या दिवशी. बघत होतो, एखादा माझ्याकडं येतो का. त्रेचाळीस झाले. देवाधर्मासाठी न्हाय मोजले मी. तुला वाटलं मी मौनाची काळजी केली. खोटं हाय ते. तूच नंतर सगळं सोडलंस, मग मला वाटलं, आता माझ्याच हातानं ती आशा बी गेली."

खरं सांगायचं तर ते फोटो मी रोज बघायचे. फूल पुढ्यात परडीत, फोटो पाठवणारा माणूस पाच पावलांवर. त्याला कशाला हात जोडायचे, असं वाटायचं. वाटायचंसुद्धा नाही. लक्षातच यायचं नाही.

त्या क्षणी शब्द ओठांपर्यंत आला होता. बारा वर्षांतला एवढा अवघड क्षण दुसरा नाही. मी खालचा ओठ दातात धरला, परडीतलं सगळ्यात मोठं जास्वंदीचं फूल घेतलं, देवाला वाहिलं आणि यांच्याकडं बघितलं. यांना काय कळलं कोण जाणे. उठून दुकानाला गेले.

दिवस संपता संपेना. संध्याकाळी अंगण भरलं. चौसष्टपैकी साठ तरी असतील. प्रेमाबाई पुढं बसल्या होत्या, बलभीम खांबाला टेकून, अयोध्याबाईंनी शेळीसुद्धा कुंपणाशी बांधली होती, मी तिची माफी मागितलेली म्हणून. करिश्मा मॅडम कोपऱ्यात टॅब पोटाशी धरून. अय्यांनी आरती केली, माझ्या डोक्यावर अक्षता टाकल्या आणि वाकून अगदी कानाशी म्हणाले, "उमादेवी, माझ्यावर तर न्हाय ना? दोन वर्षांमागं तुमच्या घरी रुद्रपाठ अर्धा सोडला होता मी. सोलापूरची बस होती." मग ताठ झाले आणि मोठ्यानं म्हणाले, "मौन सोडा."

सगळे पुढं वाकले. माझा आवाज बारीक, हे सगळ्यांना ठाऊक.

मी वळले. हे जेवणाच्या पंक्तीसाठी पत्रावळी मोजत उभे होते. मी म्हणाले, "अहो, जास्वंदीचा फोटो छान होता. सगळेच छान होते."

यांच्या हातातल्या पत्रावळी खाली पडल्या. त्या उचलायला हे जे वाकले ते बराच वेळ वर आलेच नाहीत.

"काय म्हणाल्या?" मागून कुणीतरी विचारलं.

प्रेमाबाईंनी मागं वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "भांडण नवराबायकोचं होतं. आपला कुणाचाच संबंध न्हाय."

अंगणभर लोकांनी श्वास सोडला. बलभीमनं टोपी घातली. अय्या पाटावर टेकले. मग लोक जेवले, आणि असे जेवले की शेंगापोळ्या अय्यांना पुरल्या नाहीत. करिश्मा जाता जाता म्हणाली, "काकू, 'मतभेद'च टाकायला हवं होतं. आता बदलता येत नाही."

त्या ग्रुपचं नाव दुसऱ्या दिवशी बदललं. आता तो 'सिद्रामप्पांची समजूत' आहे. चौसष्ट माणसं यांना रोज सांगतात, बायकोशी नीट वागा, बाई सोन्यासारखी आहे. दुकानात लोक युरिया न्यायला येतात आणि उपदेश करून जातात. हे निमूट ऐकून घेतात. खरं काय ते कुणाला सांगत नाहीत.

मला परत यायचं आमंत्रण सत्तावीस ग्रुपांतून आलं. मी गेले नाही. फक्त एक झालंय. सकाळी पूजा आटोपली की हे फोन घेऊन उंबऱ्यावर येऊन बसतात आणि त्या दिवशीच्या फुलाचा फोटो मला दाखवतात. फूल तेव्हा देवावर असतं, समोरच. मी फोटो नीट बघते आणि तोंडानं 'छान' म्हणते. कधी ऐकू गेलं नाही तर हे कान पुढं करतात. मग पुन्हा म्हणते.

सोमवारीसुद्धा म्हणते. बारा वर्षं पुरी झालीत.